ओळख सांगणारा आणि नाही म्हणणारी



स्मृतिव्याख्यानाला वजनदार विषय हवा असा आपल्याकडे दंडक आहे. शेती, सहकार, शिक्षण, संतसाहित्य. डहाणूजवळच्या चिखल्याच्या आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘कोवळ्या वयातलं प्रेम आणि पूर्वजन्म’. फोनवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग अगदी सौजन्यानं विचारणा झाली, शीर्षक थोडं वेगळं ठेवता येईल का? ठेवलं. विषय मात्र तोच आहे.

तो निवडला याचं कारण मागच्या रांगांत बसलं आहे. नववी-दहावीतल्या, कॉलेजात नुकत्याच गेलेल्या मुली मोबाइलवर काय वाचतात ते कधी विचारून बघा. ‘प्रतिलिपी’सारख्या अ‍ॅपवर रोज एक भाग येतो. नवी मुलगी कॉलेजात येते. एक अबोल, देखणा मुलगा तिच्याकडे टक लावून बघतो. तिला रात्री एका जुन्या वाड्याची स्वप्नं पडतात. वाड्यात तसबीर असते आणि तसबिरीत तीच असते. दीडशे वर्षांपूर्वी या दोघांची ताटातूट झालेली असते. भाग संपतो आणि उद्यापर्यंत जीव टांगणीला. मोठी माणसं याला ‘थिल्लर’ म्हणतात आणि स्वतः रात्री साडेआठला टीव्हीसमोर बसून तेच बघतात. मी या गोष्टी गांभीर्यानं घेणार आहे, आणि त्यांना एकच प्रश्न विचारणार आहे: मागच्या जन्माची ओळख सांगतं कोण, आणि ती ऐकून नाही म्हणायची मुभा कुणाला असते?

इंग्रजीत या प्रकाराची 2009च्या सुमारास लाटच आली होती. लॉरेन केट यांची ‘फॉलन’ आणि अ‍ॅलिसन नोएल यांची ‘एव्हरमोर’ ही दोन्ही पुस्तकं त्याच वर्षीची. ‘फॉलन’मधला मुलगा स्वर्गातून पडलेला देवदूत आहे, त्याला मरण नाही. मुलगी मात्र सतराव्या वर्षाच्या आसपास मरते आणि पुन्हा जन्माला येते, पुन:पुन्हा. ‘एव्हरमोर’चा नायकही असाच शतकानुशतकं जगलेला, आणि नायिका जन्मामागून जन्म घेणारी. म्हणजे आठवतं ते त्याला. तिच्या हाती कोरी पाटी. त्यानं ‘तू माझीच होतीस’ म्हटलं की ते तपासायला तिच्याकडे काही नाही. वाचताना हे लक्षात येत नाही, कारण तो देखणा असतो आणि फार दुःखी असतो.

आता आपल्याकडची गोष्ट. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टानं ‘कादंबरी’ लिहायला घेतली. ती अपुरी राहिली आणि त्याच्या मुलानं पुरी केली. सगळी कथा पुनर्जन्मातल्या प्रेमाची, आणि माणसंही कोवळ्या वयाचीच. महाश्वेता ही गंधर्वकन्या अच्छोद सरोवरावर आईबरोबर स्नानाला येते. तिथं तिला पुंडरीक नावाचा तरुण तपस्वी दिसतो, कानात पारिजाताची मंजरी खोवलेला. दोघंही पहिल्या भेटीतच हरवून जातात. त्या चांदण्या रात्री ती त्याला भेटायला निघते, पण पोचेपर्यंत तो विरहानं गेलेला असतो. चंद्रमंडळातून एक दिव्य पुरुष उतरतो, ते शव उचलून नेतो आणि पुन्हा भेट होईल असं आश्वासन देऊन जातो. ती सरोवराकाठी शिवमंदिरात वीणा घेऊन तपाला बसते.

इथपर्यंत आपल्याला ओळखीचं वाटतं. खरी गंमत पुढं, मुलानं लिहिलेल्या उत्तरार्धात. पुंडरीक पुन्हा जन्मतो तो वैशंपायन म्हणून, एका मंत्र्याच्या घरी. राजपुत्र चंद्रापीड हा त्याचा जिवलग मित्र. सैन्याबरोबर परतताना वैशंपायन त्या सरोवरापाशी येतो आणि तिथून त्याचा पाय निघेना. काहीतरी हरवलंय, काय ते कळत नाही. झाडाखाली, लतामंडपात तो शोधत राहतो. मग त्याला महाश्वेता दिसते आणि तो तिच्या मागेच लागतो. ती टाळते, तो सोडत नाही. एका रात्री तो जवळ येऊन प्रेमाच्या गोष्टी करू लागतो, तेव्हा ती संतापून त्याला शाप देते: पोपटासारखा बडबडतोस, तर पोपटच हो. आणि तो कोसळतो.

ज्याच्यासाठी ती तप करत बसली होती तोच हा. वाचकानं हळहळावं अशीच रचना आहे. मला मात्र प्रत्येक वाचनात कौतुक वाटतं ते तिच्या त्या नकाराचं. समोरचा माणूस या जन्मात परका आहे, रात्री अंगावर येतो आहे, आणि ‘मला तुझी ओढ वाटते’ एवढाच त्याचा पुरावा आहे. तिनं दुसरं काय करावं? कवीनंही तिला दोषी ठरवलेलं नाही. शेवटी भेट होते ती ओळख दोन्ही बाजूंनी पटल्यावर. इथं जन्म घेऊन विसरतात ते पुरुष. आठवण धरून बसतात त्या महाश्वेता आणि तिची सखी कादंबरी. इंग्रजी पुस्तकांतला हिशेब इथं बरोब्बर उलटा मांडलेला आहे.

पुस्तकं जरा बाजूला ठेवू. आपल्या घरांत पुनर्जन्म येतो कसा? तान्ह्या मुलीच्या कपाळावरची आठी बघून कुणीतरी म्हणतं, ‘आजी आली गं परत.’ नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हणजे घरातला पुनर्जन्म हा आजी-आजोबांचा असतो, प्रियकराचा नसतो. प्रेमाचा पुनर्जन्म आपल्याकडे वर्षातून एकदा, ज्येष्ठी पौर्णिमेला, वडाभोवती सुताचे फेरे घेताना येतो. आणि तिथं मागच्या जन्माची चौकशी नाहीच, पुढच्या सातांची नोंदणी आहे. आता तर नवरे मंडळी या दिवशी स्वतःच विनोद करतात. बायका तो ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

डहाणूच्या या किनारपट्टीवर तर हा प्रश्न आणखी मजेदार होतो. नरपडपासून बोर्डीपर्यंत मांगेला, वाडवळ, वारली, पारशी आणि इराणी शेजारी शेजारी राहतात. सनातनी पारशी श्रद्धेत पुनर्जन्म नाही. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी पहाटे आत्मा चिनवत पुलापाशी पोचतो आणि तिथं त्याचा निवाडा होतो. बेहरामशाह श्रॉफ यांच्या ‘इल्म-ए-क्षनूम’ या गूढ पंथानं पुनर्जन्म मानला, पण तो पंथ लहान. तेव्हा चिखल्याची एखादी मांगेला मुलगी आणि वाडीवरचा पारशी मुलगा यांची कथा कुणी लिहायला घेतली, तर पंचाईत अशी की जोडीतल्या एकालाच मागचा जन्म आहे!

वारली पाड्यांवर मी या गोष्टी काढल्या की लोक हसतात. तिथं अडचण मागच्या जन्माची नव्हती, याच जन्मातल्या लग्नाची होती. लग्नाचा खर्च पेलत नाही म्हणून जोडपी तशीच एकत्र राहत. मुलं होत, मोठी होत, आणि पैसा जमला की लग्न लागे. कधी आईबापांचं आणि मुलाचं एकाच मांडवात. मुलीकडच्यांना देज द्यावं लागे. त्यासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की तो माणूस आणि त्याची बायको सावकाराच्या घरी राबायला बांधले जात. लग्नासाठी गडी झाला म्हणून ‘लग्नगडी’. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये याचं वर्णन केलं आहे. ते पुस्तक 1970 साली आलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका जन्माच्या लग्नाचं कर्ज फिटायला हयात जात होती. सात जन्मांचं कोण बोलणार?

हे मनात ठेवून सिनेमाकडे वळू, कारण आपल्या डोळ्यांसमोर जो पूर्वजन्म उभा राहतो तो पुराणातला नाही, मुंबईच्या स्टुडिओतला आहे. कमाल अमरोहींचा ‘महल’ 1949 सालचा. नायक एका जुन्या हवेलीत येतो, भिंतीवर स्वतःसारखीच तसबीर बघतो, आणि रात्री कामिनी नावाची छाया त्याला दिसू लागते, मागच्या जन्मीची प्रेयसी. मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची होती. सगळा काळ प्रेक्षक धरून चालतो की हे भूत आहे, हा पुनर्जन्म आहे. शेवटी कोर्टात उलगडा होतो: भूत नाही, पूर्वजन्म नाही, काही नाही. ती हवेलीच्या माळ्याची मुलगी आहे. तसबिरीवर आणि ऐकलेल्या कहाणीवर तिचा जीव जडला, आणि तिनं हे सोंग घेतलं.

हा उलगडा लोकांना फसवणुकीसारखा वाटतो. मला तो चित्रपटाचा प्राण वाटतो. माळ्याच्या पोरीनं हवेलीच्या मालकाला ‘मला तुम्ही आवडता’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते चिकूच्या वाड्यांतल्या माणसांना मी सांगायला नको. माळ्याची मुलगी म्हणून तिला आवाज नव्हता; कामिनी म्हणून होता. पूर्वजन्म तिला एका रात्रीत त्याच्या बरोबरीला आणून बसवतो. घर, जात, पैसा, वय हे सगळे या जन्माचे कागद. मागच्या जन्माचा दाखला आणला की हे कागद रद्द. कोवळ्या वयाला हा दाखला इतका का भुरळ घालतो ते इथं समजतं. सतराव्या वर्षी आपल्या मनाला कुणी किंमत देत नाही. ‘मला तो आवडतो’ म्हटलं तर अभ्यास कर म्हणतात. ‘हे जन्मोजन्मीचं आहे’ म्हटलं तर निदान स्वतःशी तरी ते मोठं होतं.

नऊ वर्षांनी, 1958 साली, बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ आला. कथा ऋत्विक घटक यांची. पावसात अडकलेला इंजिनिअर एका पडक्या हवेलीत येतो आणि त्याला आठवतं की आपण मागच्या जन्मी इथल्याच लाकडाच्या इस्टेटीवर मॅनेजर होतो. डोंगरातल्या मधुमतीवर त्याचं प्रेम होतं. इस्टेटीचा मालक राजा उग्रनारायण तिच्यावर हात टाकतो आणि ती गच्चीवरून उडी घेते. पुढं तिच्यासारखीच दिसणारी माधवी भुताचं सोंग घेऊन राजाकडून कबुली काढायचं ठरवते, आणि कबुली झाल्यावर कळतं की समोर आलेली माधवी नव्हतीच. या चित्रपटाला फिल्मफेअरची नऊ पारितोषिकं मिळाली. डहाणू-तलासरीच्या माणसानं तो बघताना कथेतली माणसं बदलून बघावीत: जंगलाचा ठेकेदार, सावकार, पाड्यावरची मुलगी. इथं तो सिनेमा नव्हता. चित्रपटात त्या मुलीला न्याय मिळवून द्यायला भूत लागतं आणि नायकाला दुसरा जन्म लागतो. इथं 1945 साली झरी गावातल्या परिषदेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली ती याच जन्मात. घटक डाव्या चळवळीतले होते, इप्टा या नाट्यसंघटनेचे होते. लाकडाच्या इस्टेटीवरची आदिवासी मुलगी त्यांना सहज सुचली असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतरचे सिनेमे भरभर ओलांडतो. ‘मिलन’, ‘नील कमल’, ‘मेहबूबा’, ‘कुदरत’, ‘कर्ज’, ‘करण अर्जुन’, ‘ओम शांती ओम’. यांतल्या अर्ध्याअधिकांत माणूस परत येतो तो प्रेमासाठी कमी आणि हिशेब चुकता करायला जास्त. खुनी सापडला की प्रेमाचं काय झालं हे दिग्दर्शकालाही फारसं आठवत नाही.

‘पण सर, अशा खऱ्या घटना घडल्यात ना?’ हा प्रश्न मला हटकून येतो. घडल्या म्हणून नोंदवल्या आहेत; त्यांत प्रेमाचं काय झालं तेवढं बघू. सर्वांत गाजलेली दिल्लीच्या शांतीदेवीची. तिचा जन्म 1926चा. लहानपणीच ती सांगू लागली की माझं घर मथुरेत, माझा नवरा केदारनाथ चौबे. त्याची बायको लुगदी 1925 साली बाळंतपणानंतर गेली होती. 1935 साली चौबे दिल्लीला आले, बरोबर लुगदीचा मुलगा होता आणि चौबेंची नवी पत्नीही होती. गांधीजींच्या सूचनेनं प्रतिष्ठितांची समिती नेमली गेली. ती मुलीला आगगाडीनं मथुरेला घेऊन गेली आणि तिला पुष्कळ गोष्टी बरोबर ओळखता आल्या असा समितीनं अहवाल दिला. त्यावर आक्षेप तेव्हाच निघाले होते. मुलीच्या कानावर आधी काय काय पडलं असेल हा त्यांतला मुख्य. मी त्या वादात शिरत नाही. आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्यासमोर मध्यमवयीन, पुन्हा लग्न केलेला दुकानदार. लिहा बरं यावर प्रेमकथा! तिला परत दिल्लीला आणलं. ती शिकली, नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि 1987 साली गेली. कादंबरीतला पूर्वजन्म दोन माणसांना जोडतो. नोंदवहीतला हा पूर्वजन्म एका बाईला आयुष्यभर मुलाखती द्यायला लावून गेला.

व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी अशा शेकडो घटना गोळा केल्या. ‘पुनर्जन्म सुचवणाऱ्या वीस घटना’ अशा अर्थाचं त्यांचं पुस्तक 1966चं. त्यांच्या निष्कर्षांवर टीका भरपूर झाली, आणि ती मला बहुतांशी पटते. पण त्यांच्याच नोंदींतली एक गोष्ट कथालेखकांना फार गैरसोयीची आहे. मुलं मागच्या जन्माचं बोलू लागतात ती दोन ते चार-पाच वर्षांची असताना, आणि सात-आठ वर्षांची होईतो बहुतेकांचं बोलणं थांबतं. म्हणजे जे मानतात त्यांच्या हिशेबानंसुद्धा अकरावीत पोचेपर्यंत सगळं विसरून झालेलं असतं. वाड्याची स्वप्नं सतराव्या वर्षी पडतात ती दुसऱ्याच कारणानं.

अपवाद आहेत, आणि मोठा अपवाद मराठी आहे. नागपूरच्या एका प्राध्यापिका 1974 साली, तिशी उलटल्यावर, अचानक बंगाली बोलू लागल्या. आपण शारदा, दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधली विवाहित बाई, सर्पदंशानं गेलेली, असं त्या सांगत. दिवसच्या दिवस हे चाले, मग पूर्ववत. स्टीव्हन्सन आणि बेंगळुरूच्या सतवंत पसरिचा यांनी त्यावर लिहिलं, वि. वि. अकोलकरांनी पुढं दीर्घ अहवाल दिला. बाईंना बंगालची आणि बंगाली साहित्याची ओढ आधीपासून होती, हेही त्याच चौकशीत आलं. त्यांचं नाव छापील आहे, पण मी ते इथं घेत नाही. एका अविवाहित, शिकलेल्या बाईच्या मनात दुसऱ्या काळातला संसार उमटतो, यात कुतूहलाच्या आधी थोडी अदब हवी.

आता मागच्या रांगांतल्या मुलींनी पाहिलेली गोष्ट. 2018च्या ऑगस्टमध्ये झी मराठीवर ‘तुला पाहते रे’ सुरू झाली. चाळीतली कॉलेजकुमारी ईशा आणि तिच्या दुपटीच्या वयाचा उद्योगपती विक्रांत. वयातल्या अंतरावरून घराघरांत वाद झाले. मग हळूच धागा आला: बंद खोली, साडी, भास, राजनंदिनी नावाची गेलेली पहिली बायको. प्रेक्षकांना वाटलं, सुटला प्रश्न! वयाचं अंतर कुठलं, ही तर त्याचीच बायको परत आलेली. आणि तिथंच लेखकांनी डाव उलटवला. राजनंदिनीचा जीव विक्रांतनंच घेतला होता. ईशाला आठवतं ते प्रेम नव्हे, खून. मालिका पुढं लांबली, ताणली गेली, तो भाग सोडून देऊ. पण ज्याच्या हाती ओळख सांगण्याचा अधिकार होता त्याच्याकडून तो काढून घेऊन तिच्या हाती देणं, हे या प्रकारातलं महत्त्वाचं काम एका रोजच्या मराठी मालिकेनं केलं. ‘फॉलन’मध्ये मला ते सापडलं नाही.

महाराष्ट्रात हा केवळ कथेचा प्रश्न नाही. अंधश्रद्धेविरुद्ध झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याची अनुसूची बहुतेकांनी वाचलेली नसते. नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, हे तिच्यात असेल अशी आपली अपेक्षा असते. तिच्यात आणखी एक कलम आहे. स्वतःत दैवी शक्ती असल्याचं भासवून, भक्त ही आपली गेल्या जन्मीची पत्नी, पती किंवा प्रियकर होती असं सांगून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. कायदा करणाऱ्यांनी हे कल्पनेनं लिहिलेलं नाही. हा दाखला दाखवून बायका-मुलींना फसवलं गेलं, तक्रारी आल्या, म्हणून तो मजकूर तिथं आला. माळ्याच्या मुलीनं हवेलीत शिरायला वापरलेली तीच युक्ती बाबाच्या हाती गेली की काय होतं, ते अनुसूचीनं नोंदवून ठेवलं आहे. म्हणून पूर्वजन्माच्या प्रेमकथेला सरसकट वाईट किंवा सरसकट निरुपद्रवी म्हणायला मी तयार नाही. युक्ती कुणाच्या हाती आहे ते आधी बघा. दुबळ्यानं वापरली तर ती अर्ज असते. बळकटानं वापरली तर जप्तीची नोटीस.

तुमच्यातल्या काही जणी स्वतःही लिहितात असं मला कळलं आहे. त्यांनी लिहावं, आणि हवेली राजस्थानातून उसनी आणू नये. इथं साहित्य कमी आहे का? संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारडच्या डोंगरात, बहरोटच्या गुहेत बारा वर्षं लपवून ठेवला, अशी परंपरा सांगते. तो अग्नी राखणारा एखादा पोरगा आणि डोंगराखालची एखादी मुलगी: हा पहिला जन्म. दुसरा लग्नगड्यांच्या काळातला घ्या, देजापायी दहा वर्षं थांबलेला. तिसरा आत्ताचा, घोलवड स्टेशनवरच्या सकाळच्या गाडीतला. तीन जन्मांतल्या तिघींपैकी एकीनं तरी ‘मला आठवत नाही, आणि आठवलं तरी विचार करून सांगते’ असं म्हणावं, एवढी माझी विनंती.

एक तांत्रिक अडचण मात्र येईल. पूर्वजन्माच्या कथेला न बदलणारी जागा लागते, म्हणून तर हवेली असते. आपल्या किनाऱ्याबद्दल तेवढी खात्री आता देता येत नाही. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, आणि जून 2024मध्ये वाढवणला 76,200 कोटींच्या बंदराला केंद्रानं मंजुरी दिली, समुद्रात 1,448 हेक्टर भराव घालून. मच्छीमारांचा विरोध तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिला आहे. पुढच्या जन्मी ‘तिथंच भेटू’ म्हणणाऱ्या जोडीनं खूण कशाची ठेवायची? सुरूचं बन म्हणाल, तर ते राहील की नाही कोण जाणे. बारडचा डोंगर आणि महालक्ष्मीचा सुळका एवढं तरी जागेवर असेल असं धरून चाला. कथा झाली की वही वाचनालयात द्या. अक्षर सुवाच्य असलं तर मी लगेच वाचीन, नसलं तर थोडा वेळ लागेल.